मतदानपद्धती आणि पक्षसंख्या

मतदानपद्धती आणि पक्षसंख्या : लोकशाही राज्यव्यवस्थेत मते कशी द्यावयाची, ती कशी मोजावयाची आणि मतांचे रूपांतर जागांमध्ये कोणत्या नियमाने करावयाचे, हे ठरविणाऱ्या नियमसमूहास मतदानपद्धती असे म्हणतात. एखाद्या देशात दोनच प्रबळ पक्ष का टिकतात आणि दुसऱ्या देशात अनेक पक्ष का नांदतात, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर मतदानपद्धतीत शोधले जाते. हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. कोणत्या समाजघटकास स्वतःचा प्रतिनिधी मिळणार, कोणाची मते निष्फळ ठरणार आणि शासन एका पक्षाचे असणार की अनेक पक्षांचे, हे बऱ्याच अंशी मतमोजणीच्या नियमांवर अवलंबून असते. महाराष्ट्रात गेल्या सु. नव्वद वर्षांत संचयी मतदान, वितरित मतदान, सापेक्ष बहुमत आणि एकल संक्रमणीय मत अशा विविध पद्धती निरनिराळ्या निवडणुकांत वापरल्या गेल्या आहेत. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासास येथील अनुभव विशेष उपयुक्त ठरतो.

प्रमुख पद्धती : मतदानपद्धतींचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग बहुमत पद्धतींचा. यात एकसदस्य मतदारसंघात ज्यास सर्वाधिक मते मिळतील तो उमेदवार विजयी होतो. त्याला निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत, असे बंधन नसते. ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि भारत (लोकसभा व विधानसभा) येथे हीच सापेक्ष बहुमताची पद्धत रूढ आहे. फ्रान्समध्ये पहिल्या फेरीत कोणासही पूर्ण बहुमत न मिळाल्यास दुसरी फेरी घेतात. दुसरा वर्ग प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा. यात मतांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, असा हेतू असतो. पक्षांच्या याद्यांना मते देण्याची पद्धत नेदर्लंड्स, इझ्राएल इ. देशांत आहे, तर उमेदवारांना पसंतिक्रम देण्याची एकल संक्रमणीय मतपद्धती आयर्लंडमध्ये आहे. तिसरा वर्ग मिश्र पद्धतींचा. जर्मनीत मतदार एक मत मतदारसंघातील उमेदवारास व दुसरे पक्षाच्या यादीस देतो. न्यूझीलंडने १९९३ च्या सार्वमतानंतर ही पद्धत स्वीकारली व १९९६ मध्ये तीनुसार पहिली निवडणूक घेतली.

या वर्गांच्या मधोमध बहुसदस्य मतदारसंघांच्या काही पद्धती येतात. एका मतदारसंघातून तीन प्रतिनिधी निवडावयाचे असतील, तर मतदारास तीन मते मिळतात. ही मते तीन वेगवेगळ्या उमेदवारांनाच दिली पाहिजेत असा नियम असल्यास त्या पद्धतीस वितरित मतदान म्हणतात. ती हवी तशी विभागण्याची किंवा तिन्ही मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा असल्यास त्या पद्धतीस संचयी मतदान म्हणतात. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या भेदाचे परिणाम मोठे असतात. वितरित मतदानात संघटित बहुसंख्याक गट सर्व जागा जिंकू शकतो. संचयी मतदानात तीन जागांच्या मतदारसंघात एकचतुर्थांशाहून थोडे अधिक मतदार एकवटले, तर त्यांची किमान एक जागा कोणीही हिरावून घेऊ शकत नाही. दोन जागांच्या मतदारसंघात हेच प्रमाण एकतृतीयांशाहून थोडे अधिक असते.

द्यूव्हर्जेचा नियम : मतदानपद्धती आणि पक्षसंख्या यांच्या संबंधाचे सर्वाधिक प्रसिद्ध विवेचन फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्यूव्हर्जे यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राजकीय पक्षांवरील आपल्या ग्रंथात केले. एका फेरीची सापेक्ष बहुमताची पद्धत द्विपक्ष पद्धतीस अनुकूल असते आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व व दोन फेऱ्यांची पद्धत बहुपक्ष पद्धतीस अनुकूल असते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश आहे. या परिणामाची त्यांनी दोन अंगे सांगितली. पहिले यांत्रिक स्वरूपाचे : तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाच्या पक्षांना मते मिळाली, तरी त्या प्रमाणात जागा मिळत नाहीत. दुसरे मानसिक स्वरूपाचे : आपले मत वाया जाईल हे ओळखून मतदार आपल्या खऱ्या पसंतीचा पक्ष सोडतो व जिंकण्याची शक्यता असलेल्या दोघांपैकी कमी अप्रिय असलेल्यास मत देतो, पुढारी व देणगीदारही तसाच हिशेब करतात.

पुढील संशोधनाने या नियमास मर्यादा घातल्या. हा परिणाम मुख्यतः एकेका मतदारसंघात घडतो. प्रत्येक मतदारसंघात दोनच प्रबळ उमेदवार उरले, तरी ते दोन सर्वत्र त्याच पक्षांचे असतील असे नाही. कॅनडा व भारत ही याची ठळक उदाहरणे होत. अमेरिकन अभ्यासक गॅरी कॉक्स यांनी १९९७ मध्ये हा विचार व्यापक रूपात मांडला : मतदारसंघातून जितक्या जागा भरावयाच्या, त्याहून एक अधिक एवढेच उमेदवार किंवा याद्या दीर्घकाळ व्यवहार्य राहतात. प्रदीप छिब्बर व केन कॉलमन यांनी शासनाच्या केंद्रीकरणाकडे लक्ष वेधले. सत्ता व पैसा केंद्राकडे एकवटला असता स्थानिक पक्ष राष्ट्रीय पक्षांत विलीन होतात आणि राज्यांचे महत्त्व वाढले की प्रादेशिक पक्ष वाढतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कार्यकारणभाव उलटाही असू शकतो : पक्ष आधीच अनेक असल्यास ते आपल्या अस्तित्वासाठी प्रमाणशीर पद्धत स्वीकारतात, असे जोसेप कोलोमेर यांनी दाखविले आहे.

पक्षसंख्येचे मापन : निवडणूक लढविणाऱ्या सर्व पक्षांची नुसती गणती केल्यास पक्षपद्धतीचे खरे स्वरूप कळत नाही; कारण तीत शंभर जागांचा पक्ष व एका जागेचा पक्ष सारखेच धरले जातात. म्हणून मार्क्कू लाक्सो व राइन तागेपेरा यांनी १९७९ मध्ये ‘परिणामकारक पक्षसंख्या’ हे माप सुचविले. प्रत्येक पक्षाच्या हिश्शाचा वर्ग करून त्या वर्गांची बेरीज करावी आणि एक या संख्येस त्या बेरजेने भागावे. दोन पक्षांचे हिस्से समसमान असल्यास उत्तर २ येते. सत्तर, वीस व दहा टक्के असे तीन पक्षांचे हिस्से असल्यास ते सु. १.८५ येते, म्हणजे नावाला तीन पक्ष असले, तरी स्पर्धा दोनाहूनही कमी पक्षांची असते. हे माप मतांना व जागांना वेगवेगळे लावता येते आणि या दोन उत्तरांतील अंतर म्हणजे मतदानपद्धतीने केलेली काटछाट होय.

मुंबई प्रांतातील संचयी मतदान : १९३५ च्या भारत सरकारच्या कायद्यान्वये मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. पुणे करारानुसार (१९३२) स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत दलितांसाठी राखीव जागा ठेवण्यात आल्या व मुंबई प्रांताच्या वाट्याला त्यांपैकी १५ जागा आल्या. यांखेरीज सर्वसाधारण जागांपैकी ७ जागा मराठा समाजासाठी राखीव होत्या. राखीव जागा बहुसदस्य मतदारसंघांत असल्याने मते कशी द्यावयाची हा प्रश्न निर्णायक ठरला. संयुक्त मतदारसंघात वितरित मतदान असते, तर राखीव जागेवर कोण निवडून यावे हे प्रामुख्याने सवर्ण मतदारांनी ठरविले असते. मुंबई प्रांतात संचयी मतदान स्वीकारले गेल्याने दलित मतदारांना आपली सर्व मते आपल्या उमेदवारास देता आली.

१९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मोजके उमेदवार उभे केले. त्यांपैकी बहुतेक निवडून आले, यात राखीव जागांबरोबरच काही सर्वसाधारण जागाही होत्या. डॉ. आंबेडकर स्वतः मुंबई शहरातील भायखळा–परळ मतदारसंघातून काँग्रेसचे उमेदवार व ख्यातनाम क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांचा पराभव करून विजयी झाले. अल्पावधीपूर्वी, १९३६ मध्ये, स्थापन झालेल्या व साधनसंपत्ती अल्प असलेल्या या पक्षाला विधानसभेत प्रभावी विरोधी गट म्हणून उभे राहता आले, याचे श्रेय त्याच्या संघटनेइतकेच मतदानाच्या नियमासही द्यावे लागते. पुढे खोती पद्धतीच्या निर्मूलनाचे विधेयक आणि कामगारांचे प्रश्न या गटाने सभागृहात मांडले.

संविधान सभेतील चर्चा व द्विसदस्य मतदारसंघ : स्वतंत्र भारताच्या संविधान सभेत ४ जानेवारी १९४९ रोजी हा प्रश्न चर्चेस आला. मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्य मतदारसंघ व संचयी मत यांची उपसूचना मांडली, तर प्रा. के. टी. शाह यांनी एकल संक्रमणीय मताचा पुरस्कार केला. डॉ. आंबेडकरांनी या सूचनांना विरोध केला. प्रमाणशीर पद्धतीसाठी व्यापक साक्षरता गृहीत धरावी लागते, तसेच तीमुळे विधिमंडळाचे अनेक लहान गटांत विभाजन होऊन स्थिर शासन दुर्घट होईल, ही त्यांची मुख्य कारणे होती. उपसूचना फेटाळल्या गेल्या व सापेक्ष बहुमताची पद्धत कायम झाली.

१९५२ व १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकांत राखीव जागा असलेले मतदारसंघ सामान्यतः द्विसदस्य होते : एक जागा सर्वसाधारण व एक राखीव. मतदारास दोन मते असत, परंतु ती एकाच उमेदवारास देता येत नसत. १९३७ चा संचयी नियम जाऊन वितरित नियम आला, हा बदल निर्णायक होता. १९५२ मध्ये उत्तर मुंबई मतदारसंघातून राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे डॉ. आंबेडकर व त्यांच्याशी युती केलेल्या समाजवादी पक्षातर्फे सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता उभे होते. दोघेही पराभूत झाले. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांना १,३८,१३७ व डॉ. आंबेडकरांना १,२३,५७६ मते पडली. अंतर १४,५६१ मतांचे होते. या निकालाविरुद्ध दोघांनी निवडणूक अर्ज दाखल केला, तथापि निकाल बदलला नाही. १९५४ मध्ये भंडारा येथील द्विसदस्य पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता विजयी झाले, तर राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांचा भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभव झाला. एकाच मतदारसंघातील मतदारांनी युतीच्या एका उमेदवारास निवडले व दुसऱ्यास नाकारले, हे येथे लक्षणीय आहे. राखीव जागेचा निर्णय त्या समाजाबाहेरील मतांनी होतो, हे या दोन निवडणुकांनी स्पष्ट केले.

भाषावार राज्यांवरील १९५५ च्या आपल्या पुस्तिकेत डॉ. आंबेडकरांनी एकसदस्य मतदारसंघांऐवजी दोन वा तीन सदस्यांचे मतदारसंघ व संचयी मतदान स्वीकारावे, असे सुचविले. बहुसंख्याकांच्या जातीय वर्चस्वापासून अल्पसंख्य समाजांना संरक्षण देण्याचा हा मार्ग त्यांना राखीव जागांहूनही परिणामकारक वाटत होता. १९४९ मधील भूमिकेपासून १९५५ मधील या सूचनेपर्यंतचे अंतर पाहता स्थैर्य व प्रतिनिधित्व या दोन मूल्यांतील ताण ध्यानात येतो. ही सूचना अंमलात आली नाही. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघही रद्द झाले व लोकसभा-विधानसभांसाठी सर्वत्र एकसदस्य मतदारसंघ आले.

महाराष्ट्र विधानसभेतील अनुभव : सापेक्ष बहुमताच्या पद्धतीत विखुरलेल्या विरोधकांना एकत्र यावेच लागते, याचा पहिला मोठा प्रत्यय १९५७ मध्ये आला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ आदी परस्परांहून अत्यंत भिन्न विचारांचे पक्ष होते. प्रत्येक मतदारसंघात काँग्रेसविरुद्ध एकच उमेदवार या सूत्रामुळे समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर हादरा दिला. राज्यनिर्मितीनंतर समिती विस्कळीत झाली आणि १९६२ मध्ये काँग्रेसने सु. ५१ टक्के मतांवर २६४ पैकी २१५, म्हणजे ८१ टक्के जागा मिळविल्या. जागांनुसार परिणामकारक पक्षसंख्या केवळ दीडच्या आसपास येते. पक्ष अनेक असूनही एकाचेच प्रभुत्व, अशा या अवस्थेला रजनी कोठारी यांनी ‘काँग्रेस पद्धती’ असे नाव दिले.

१९७८ मध्ये काँग्रेसच्या फुटीमुळे जनता पक्ष (९९), काँग्रेस (६९) व काँग्रेस (आय) (६२) असे त्रिभाजन होऊन २८८ सदस्यांच्या सभागृहात कोणासही बहुमत मिळाले नाही. त्यानंतरच्या काळात आघाड्या व मतविभागणी यांचे परिणाम किती तीव्र असतात, हे पुढील दोन निवडणुकांवरून दिसते. १९९५ मध्ये काँग्रेसला ३१ टक्के मते व ८० जागा मिळाल्या. शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांच्या युतीस मिळून सु. २९ टक्के मते व १३८ जागा मिळाल्या. काँग्रेसमधील बंडखोरी हे याचे एक प्रमुख कारण होते. त्या वर्षी ४५ अपक्ष निवडून आले. १९९९ मध्ये काँग्रेस व नवस्थापित राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष परस्परांविरुद्ध लढले. दोघांची मिळून जवळजवळ निम्मी मते होती, तरी जागा १३३ मिळाल्या. उलट युतीने सु. ३२ टक्के मतांवर १२५ जागा मिळविल्या. निकालानंतर दोन्ही काँग्रेसनी संयुक्त शासन बनविले व २००४ मध्ये ते निवडणूकपूर्व आघाडी करून लढले. मतदानपद्धतीने शिकविलेला हा धडा होता.

२०१४ मध्ये चारही प्रमुख पक्ष स्वतंत्रपणे लढले. भारतीय जनता पक्षाने सु. २८ टक्के मतांवर १२२ जागा जिंकल्या. त्या निवडणुकीत मतांनुसार परिणामकारक पक्षसंख्या सु. साडेपाच, तर जागांनुसार सु. पावणेचार येते, मधली तफावत म्हणजे द्यूव्हर्जे यांनी सांगितलेला यांत्रिक परिणाम होय. जून २०२२ मध्ये शिवसेनेत व जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात फूट पडली. चारांचे सहा पक्ष झाले, परंतु हे मतदारांनी केलेले विभाजन नव्हते, विधिमंडळात घडलेले होते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत हे सहा पक्ष महायुती व महाविकास आघाडी या दोन गटांत विभागले गेले. महायुतीतील तीन प्रमुख पक्षांना मिळून सु. ४८ टक्के मते व २३० जागा, तर महाविकास आघाडीतील तीन प्रमुख पक्षांना सु. ३४ टक्के मते व ४६ जागा मिळाल्या. प्रत्येक पक्ष वेगळा मोजल्यास जागांनुसार पक्षसंख्या सु. ३.६ येते, आघाडी हाच एक घटक धरल्यास ती सु. दीड, म्हणजे १९६२ इतकीच, भरते. पक्षांची नावे वाढली तरी सापेक्ष बहुमताची पद्धत त्यांना मतदानापूर्वीच दोन छावण्यांत ढकलते, असा याचा अर्थ होतो.

मावळचे उदाहरण : हीच प्रक्रिया एका मतदारसंघाच्या पातळीवर कशी घडते, हे पुणे जिल्ह्यातील मावळ येथे पाहता येते. तळेगाव दाभाडे व लोणावळा ही नगरे या विधानसभा मतदारसंघात येतात. येथून १९७२ मध्ये जनसंघाचे कृष्णराव भेगडे निवडून आले; ते पुढे काँग्रेसमध्ये गेले. १९९५ पासून २०१४ पर्यंतच्या पाच निवडणुका भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. २०१९ मध्ये त्या पक्षाची उमेदवारी न मिळालेले सुनील शेळके राष्ट्रवादी काँग्रेस पक्षातर्फे उभे राहिले व त्यांनी १,६७,७१२ मते मिळवून संजय (बाळा) भेगडे (७३,७७०) यांचा पराभव केला. २०२४ मध्ये शेळके महायुतीचे उमेदवार होते. त्यांच्याविरुद्ध अपक्ष बापू भेगडे यांना महाविकास आघाडीने व महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने पाठिंबा दिला, इतकेच नव्हे तर महायुतीतीलच भारतीय जनता पक्षाचे अनेक स्थानिक पुढारीही त्यांच्यामागे उभे राहिले. राज्यात परस्परविरोधी असलेले गट येथे एका उमेदवारामागे एकवटले, यास वृत्तपत्रांनी ‘मावळ पॅटर्न’ म्हटले. निकालात शेळके यांना १,९१,२५५ व भेगडे यांना ८२,६९० मते पडली.

मावळ लोकसभा मतदारसंघ मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून अस्तित्वात आहे. त्यात पुणे जिल्ह्यातील मावळ, चिंचवड व पिंपरी आणि रायगड जिल्ह्यातील पनवेल, कर्जत व उरण हे विधानसभा मतदारसंघ मोडतात. २०१४ मध्ये येथे तिरंगी लढत झाली. शिवसेनेचे श्रीरंग बारणे यांना ५,१२,२२६, शेतकरी कामगार पक्षातर्फे उभे असलेले लक्ष्मण जगताप यांना ३,५४,८२९ व राष्ट्रवादीचे राहुल नार्वेकर यांना १,८२,२९३ मते मिळाली. पराभूत दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराहून अधिक होती. २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे पार्थ पवार यांना शेतकरी कामगार पक्षाचा पाठिंबा मिळून लढत मुख्यतः दुरंगी झाली. तथापि बारणे २,१५,९१३ मतांनी विजयी झाले. २०२४ मध्ये शिवसेनेच्या दोन शाखांमध्येच सामना होऊन बारणे यांनी संजोग वाघेरे यांचा ९६,६१५ मतांनी पराभव केला. या निकालांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, मतदारसंघात दोनच प्रबळ उमेदवार उरण्याची प्रवृत्ती खरी आहे. दोन, विरोधकांची बेरीज म्हणजे विरोधी मतांची बेरीज नव्हे. पक्षांनी एकमेकांस पाठिंबा दिला, तरी मतदार त्याच दिशेने जाईलच असे नाही.

पसंतिक्रमाच्या निवडणुका : तळेगावातील पदवीधर किंवा शिक्षक मतदारास याच महाराष्ट्रात दुसरी एक मतदानपद्धती अनुभवास येते. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतून प्रत्येकी ७ सदस्य निवडले जातात. पुणे विभागातील या मतदारसंघांत पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर या जिल्ह्यांचा समावेश होतो. येथे मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम लिहितो. कोणासही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करून त्याची मते पुढील पसंतीनुसार वाटतात. मत वाया जाण्याची भीती त्यामुळे कमी होते.

राज्यसभेच्या व विधानसभा सदस्यांनी निवडावयाच्या विधान परिषदेच्या जागांसाठी हीच पद्धत अनेक जागांना एकत्र लागू होते व तिचे स्वरूप प्रमाणशीर बनते. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातून राज्यसभेच्या ६ जागांसाठी ७ उमेदवार उभे होते. २८४ वैध मतांनुसार विजयासाठी सु. ४१ मतांचा कोटा होता. शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ व भारतीय जनता पक्षाचे धनंजय महाडिक यांना २७ मते होती. तथापि त्या पक्षाच्या पहिल्या दोन उमेदवारांची अतिरिक्त मते महाडिक यांच्याकडे संक्रमित होऊन तेच विजयी झाले. पसंतिक्रमांची काटेकोर आखणी येथे किती महत्त्वाची असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

स्थानिक संस्था : महाराष्ट्रातील नगरपरिषदा व मुंबई वगळता महानगरपालिकांत बहुसदस्य प्रभाग आहेत. तथापि त्यांमुळे प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळते असा समज चुकीचा आहे. प्रभागातील प्रत्येक जागा अ, ब अशी वेगळी मानली जाते व मतदार प्रत्येक जागेसाठी एकेक मत देतो. परिणामतः हा वितरित मतदानाचाच एक प्रकार ठरतो आणि संघटित पक्ष प्रभागातील सर्व जागा जिंकू शकतो. एकटा अपक्ष किंवा लहान गट मागे पडतो. नगराध्यक्षाच्या निवडीचा नियमही वारंवार बदलला आहे. २०१६ मध्ये ही निवडणूक थेट मतदारांकडून झाली. पुढे महाविकास आघाडीच्या काळात ती नगरसेवकांकडे देण्यात आली व २०२२ मध्ये पुन्हा थेट करण्यात आली. थेट निवडणुकीत एकाच पदासाठी स्पर्धा असल्याने स्थानिक आघाड्या दोन गटांत एकवटण्याकडे कल असतो. सत्तेवरील पक्ष आपल्या सोयीनुसार नियम बदलतात, या कोलोमेर यांच्या निरीक्षणाची प्रचीती येथे येते.

सुधारणांचा विचार : विधी आयोगाने आपल्या १७० व्या अहवालात (१९९९) सापेक्ष बहुमतास प्रमाणशीर याद्यांची जोड देण्याची सूचना केली. २५५ व्या अहवालातही (२०१५) मिश्र पद्धतीचा विचार झाला. या सूचना अंमलात आलेल्या नाहीत. प्रमाणशीर पद्धतीचे समर्थक मतांची निष्फळता, अल्पमताचे शासन व लहान समाजघटकांची उपेक्षा यांकडे बोट दाखवितात. २०१४ मध्ये लोकसभेत भारतीय जनता पक्षास ३१ टक्के मतांवर ५४३ पैकी २८२ जागा व २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्षास सु. ३४ टक्के मतांवर जवळजवळ दोनतृतीयांश जागा मिळाल्या, ही उदाहरणे या संदर्भात दिली जातात. विरोधकांच्या मते प्रमाणशीर पद्धतीत मतदारसंघाशी प्रतिनिधीचे नाते तुटते, याद्यांवर पक्षश्रेष्ठींचे नियंत्रण येते आणि शासन निवडणुकीनंतरच्या वाटाघाटींतून बनते. लहान पक्षांची अतिरिक्त वाढ रोखण्यासाठी जर्मनीत ५ टक्के व इझ्राएलमध्ये २०१४ पासून ३.२५ टक्के मतांची किमान अट आहे.

मूल्यमापन : मतदानपद्धती पक्षांना जन्म देत नाही, जात, वर्ग, भाषा, प्रदेश व नेतृत्व यांतून पक्ष जन्मतात. त्यांपैकी कोणते जगतील, कोणते एकत्र येतील व कोणत्या पक्षाचे मतदार प्रतिनिधीविना राहतील, हे मात्र पद्धती ठरविते. महाराष्ट्राच्या अनुभवावरून असे दिसते, की सापेक्ष बहुमताच्या पद्धतीने अनेक पक्षांचे दोन पक्ष केले नाहीत, तर त्यांच्या दोन आघाड्या केल्या. त्यामुळे जागावाटपाची वाटाघाट, जी प्रमाणशीर पद्धतीत मतदानानंतर होते, ती येथे मतदानापूर्वी व मतदाराच्या दृष्टीआड होते. १९३७ मधील संचयी मत आणि १९५२ मधील वितरित मत यांत केवळ एका नियमाचा फरक होता. परंतु त्याच नेत्याला, त्याच शहरात, पहिल्या नियमाने सभागृहाचे दार उघडले व दुसऱ्याने ते बंद केले. म्हणून मतमोजणीचे नियम हा केवळ प्रशासनाचा तपशील नसून प्रतिनिधिक लोकशाहीच्या गाभ्याचा प्रश्न होय.